हातचं तेल

पलीकडच्या गावच्या सुईणबाईंचं कार्ड आलं तेव्हा नाना तेलाच्या घाण्याच्या, बैलामागे फिरणाऱ्या फळीवर बसून वाचत होते. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचावं तसं घाईने बसल्या बसल्या वाचलं आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. तिथेच ते राहिलं. पत्राची अशी खूण फार वाईट. पुस्तक उघडावं, तर आधी तीच बोलायला लागते. मग नानांनी पुस्तक उघडायचंच सोडलं.

कार्ड उघडं होतं. दोन ओळींसाठी पाकीट कशाला नासवायचं, असा सुईणबाईंचा हिशेब. अक्षर म्हातारं, पण एकेक शब्द ठोकून बसवलेला.

"नानांस नमस्कार. गुडघे धरलेत म्हणून येणं होत नाही. फोन केला तर तुमचा मुलगा हो हो म्हणतो आणि ठेवून देतो. यंदाच्या तेलाने दोन-चार घरी बाळांच्या अंगावर पुरळ उठलं. लोक म्हणतात, म्हातारीचा हात बिघडला. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. मला भांडायचं नाही. एवढंच विचारते, घाणा तोच ना? तीळ तेच ना? हो की नाही तेवढं कळवा. मी माझ्या हाताला तसं सांगेन."

पोस्टमन सायकलीवरून उतरला नव्हता. एक पाय जमिनीला टेकून तो म्हणाला, "कोरं कार्ड आहे माझ्याकडे. उत्तर आत्ताच देता का?"

"लिहीन सावकाश."

"हो की नाही, एवढंच तर विचारलंय," पोस्टमन म्हणाला आणि त्याने जीभ चावली. वाचलं नसल्यासारखं दाखवायला तो घंटी वाजवत निघून गेला.

नानांना पत्र लिहिणं जड नव्हतं. एके काळी अर्ध्या गावाची पत्रं त्यांनी लिहिली होती. रुसून माहेरी बसलेल्यांची, परगावी कामाला गेलेल्यांची, सोयरीक मोडणाऱ्यांची सुद्धा. कुणाचं काय म्हणणं आहे ते ऐकायचं आणि 'पत्र लिहिण्यास कारण की' म्हणून सुरुवात करायची, की पुढचं आपोआप ओघळत यायचं. या खेपेला त्यांनी दुपारी तक्क्याला टेकून मायना लिहिला, नमस्कार लिहिला, 'पत्र लिहिण्यास कारण की' लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. 'की'च्या पुढे काही येईना. कागद चुलीत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. आपलं अक्षरच पूर्वीसारखं राहिलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अक्षर तर चांगलं होतं.

*

त्या वर्षी, कार्ड येण्याच्या काही महिने आधी, तीळ फुलावर आला आणि पाऊस गेला. आभाळ रोज भरून यायचं आणि रोज उडून जायचं, उधार मागायला आलेला पाहुणा दारातून परत जावा तसं. शेतात तिळाची झाडं गुडघाभर होऊन उभीच्या उभी वाळली. बोंडं फोडली तर आत दाणा नाही, नुसता भुसा. घाण्यावर तीळ घेऊन येणारे लोक आलेच नाहीत. जे आले ते बसून विडी ओढून गेले.

नेमकं त्याच वर्षी तेलाला मागणी आली होती. मुलाने बैलाचं, घाण्याचं आणि फळीवर बसून पुस्तक वाचणाऱ्या नानांचं चित्रीकरण करून मोबाइलवर टाकलं होतं. ते कुठल्या कुठे गेलं. शहरातल्या बायका फोन करून विचारायला लागल्या, "ते पुस्तकवाले आजोबा आहेत ना, त्यांच्याच घाण्याचं तेल हवंय." दुकानावरच्या पाटीतले शब्द नानांचेच होते: 'आमच्या हातचं तेल.' आधी 'उत्तम व शुद्ध' असं काहीतरी होतं. ते पुसून नानांनी हे तीन शब्द सुचवले, तेव्हा सुनेने सुद्धा मान डोलावली होती. मुलाने तेच शब्द बाटलीच्या चिठ्ठीवर छापले आणि खाली 'लाकडी घाण्यावर, बैलाने काढलेलं' असं जोडलं.

तीळ संपले तसे मागच्या खोलीत पत्र्याचे डबे आले. मुलगा ते पाठीवरून उतरवत होता. पाठीला डब्याच्या कडेचा लाल वळ उठला होता.

"हे काय?" नाना म्हणाले.

"गिरणीचं आहे. तेलच आहे, विष नाही."

"पण आपलं..."

"यंदापुरतं, नाना. गिऱ्हाईक एकदा तुटलं की जुळत नाही. पुढच्या हंगामात दाणा आला, की आपला घाणा आहेच."

"आणि तोवर घाणा बंद?"

मुलगा कमरेला हात लावून उभा राहिला. "बंद करून कसं चालेल? लोक आवाजाला येतात."

ते खरं होतं. घाण्याचा कर्र कर्र आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि तो ऐकून माणसं बाटली घेऊन घरातून निघायची. पण घाण्याच्या उखळात काही नसताना आतली उभी लाकडी लाट फिरवली की लाकूड लाकडावर घासून जळतं. म्हणून मुलाने मागच्या साली उरलेली पेंड फोडून उखळात टाकली, वर पाणी शिंपडलं आणि बैल जुंपला. लाट करकरली. खालच्या भांड्यात त्याने डब्यातलं तेल ओतून ठेवलं. बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच पाझरलंय.

बैलाच्या डोळ्यांना झापडं होती, पण पायांना नव्हती. खांद्यावर ओढ नाही हे त्याला पहिल्या फेरीतच कळलं. तो तरण्या खोंडासारखा चालायला लागला. घाण्याची लय बिघडली. कर्र कर्र व्हायचं ते कचकचाकच व्हायला लागलं.

"नाना, तुम्ही बसा फळीवर," मुलगा म्हणाला. "वजन पडलं की हळू चालेल."

नाना बसले. नेहमीच बसायचे, तेव्हा त्यात वेगळं काही नव्हतं. फरक एवढाच, की पूर्वी ते तीळ नीट रगडले जावेत म्हणून बसायचे आणि आता बैलाने खोटं उघडं पाडू नये म्हणून. त्यांचं वजन अपुरं पडलं. मुलाने त्यांच्या पायाशी फळीवर एक दगड आणून ठेवला आणि त्यावर गोणपाट टाकलं.

गल्लीपलीकडच्या शिंप्याने मशीन थांबवून हाक मारली, "नाना, बैलाला काय खाऊ घातलं? कालपरवापर्यंत म्हातारा होता, आता नवरदेव झालाय!"

"हवा बदलली," नाना म्हणाले.

"आम्हाला पण सांगा कुठली हवा. आमच्या हिला पाठवतो."

बसलेली माणसं हसली. नानाही हसले. ते हसणं त्यांच्या तोंडावर बराच वेळ चिकटून राहिलं, तेलकट हात कुठे पुसावा ते कळू नये तसं.

*

पोस्टमन गल्लीत आला की नाना आता आत जायचे. कधी पाणी प्यायला, कधी चष्मा शोधायला. पण फळीवर बसलेला माणूस सारखा कुठे उतरणार? एकदा सापडलेच.

"सुईणबाईंनी विचारलंय," पोस्टमन म्हणाला. "उत्तर आहे का म्हणून. मी म्हटलं, नाना लिहितायत."

"लिहितोय."

"त्या ओट्यावरच बसलेल्या असतात आता. पूर्वी या वेळेला घरी कुठे सापडायच्या? ह्या घरचं बाळ, त्या घरची बाळंतीण. आता कोणी बोलवत नाही. परवा म्हणे एका घरच्या आजीने बसल्या जागेवरून उठवून परत पाठवलं. पाटावर पाय पसरून बसल्याही होत्या, बाळ मांडीवर घ्यायचं तेवढं बाकी होतं." त्याने पिशवीचा पट्टा सारखा केला. "मला हात दाखवत होत्या. उलटा, सुलटा. म्हणाल्या, बघ रे, ह्याला काही झालंय का?"

"मग?"

"मला काय कळतंय हातातलं? हातासारखा हात."

नानांच्या पायाखालचा दगड थोडा सरकला. त्यांनी तो पायाने परत जागेवर आणला. बैल फिरत होता. पोस्टमन, शिंप्याचं दुकान, भिंत, मागच्या खोलीचं दार, परत पोस्टमन. नानांना भोवळ आल्यासारखं झालं. आयुष्यभर ह्या फळीवर बसून त्यांना कधी भोवळ आली नव्हती, कारण डोळे पुस्तकात असायचे.

*

ग्राहक कचेरीतला साहेब आला तो भर उन्हात, तुटकी चप्पल ओढत. काखेत जाहिरातीच्या कागदांची गुंडाळी होती. बाजारातली सगळी दुकानं पालथी घालून तो आला होता आणि त्याच्यामागे गंमत बघायला दहा-वीस माणसं. किराणेवाल्याची जुनी तारीख पुसून नवी टाकलेली पाकिटं त्याने रस्त्यावर काढून ठेवायला लावली होती, ही बातमी त्याच्या आधीच येऊन पोहोचली होती. मुलाचा चेहरा उतरला. त्याने मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि त्यापुढे पेंडीचं पोतं ठेवलं.

साहेबाने पाणी मागितलं. सून तांब्या घेऊन आली. तिला दिवस भरत आले होते. एक हात कमरेवर ठेवून ती दारातच थांबली.

साहेबाने बाटली उचलली, उलटी केली, चिठ्ठी वाचली. नाव, पत्ता, वजन, तारीख, फोन. सगळं होतं. मग त्याने घाण्याकडे पाहिलं. बैल हळूहळू फिरत होता. लाट करकरत होती. भांड्यात तेल होतं. फळीवर एक म्हातारा बसला होता.

"हे बघा," साहेब लोकांकडे वळून म्हणाला, "हे असं असावं. चिठ्ठीवर जे लिहिलंय ते डोळ्यांसमोर. विचारायला नको, सांगायला नको."

मुलाने कपाळ पुसलं. साहेबाने गुंडाळीतला एक मोठा कागद काढून घाण्यामागच्या भिंतीवर चिकटवला. "आता हा कोणीतरी मोठ्याने वाचा. सकाळपासून बोलून माझा घसा गेलाय."

"आमचे नाना आहेत की!" शिंपी म्हणाला. "फिरता फिरता वाचतात. थांबून किती वाचतील!"

"मी... मला नको," नाना म्हणाले. "चष्मा आत आहे."

"डोक्यावर काय आहे मग?"

पुन्हा हशा झाला. नाना उतरले. ते उतरताच बैलाने मान झटकली आणि भराभरा चालायला लागला. फळीवरचा दगड गोणपाटासकट घसरून खाली पडला, तसा तर तो पळायलाच लागला. मुलगा धावला, वेसणीला धरून त्याने बैलाला आवरलं आणि स्वतःच फळीवर चढून बसला.

"कायद्याचं नाव काढलं आणि बैल घाबरला!" शिंपी ओरडला.

सगळे हसले. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. दारातली सून तेवढी हसली नाही.

नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाठीमागे घाणा करकरत होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज फुटेना.

"मोठ्याने, नाना!"

"मालाचा प्रकार, दर्जा, त्यातले घटक किंवा... किंवा तो बनवण्याची रीत याबद्दल खोटं अथवा दिशाभूल करणारं वर्णन करून माल विकणं, ही... ही अनुचित व्यापारी प्रथा आहे."

"दिशाभूल म्हणजे काय हो, साहेब?" बाटली घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं. "खोटं म्हणजे कळलं. हे काय?"

साहेबाने तांब्यातला शेवटचा घोट घेतला. "असं बघा बाई, मी खोटा एक शब्द बोललो नाही. पण सगळं असं मांडून ठेवलं, की तुम्ही खोटं तेच खरं धरून चालावं. ही झाली दिशाभूल."

"म्हणजे बोलायचं पण नाही?"

"कशाला बोलायला पाहिजे? उलट गिऱ्हाईक विचारतंय आणि दुकानदार गप्प बसलाय, हे पण त्यातच आलं. गिऱ्हाइकाला चुकीचं समजलंय हे माहीत असून गप्प बसणं. वाचा नाना, पुढे आहे ते."

पुढे होतं. तक्रारीला उत्तर द्यावं. दोष आढळला तर माल परत घ्यावा. नुकसान झालं असेल तर भरून द्यावं. नानांनी वाचलं. एकेक ओळ ओलं लाकूड ओढावं तशी ओढत नेली. पाठ घामाने भिजली होती. शेवटी साहेबाने त्यांच्या त्या भिजलेल्या पाठीवर हात ठेवला. "छान वाचता. अशी जुनी माणसं राहिली नाहीत."

साहेब गेल्यावर बाटल्यांवर उडी पडली. जी बाई दिशाभूल म्हणजे काय विचारत होती, तिने दोन नेल्या.

"आपण उगीच घाबरलो," मुलगा म्हणाला. "उलट बरंच झालं."

नाना रात्री जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

*

त्यानंतर आठवड्याभरात कधीतरी सुनेचे पाय फार सुजले. स्टुलावर चढू नको म्हणून नानांनीच तिला बसवलं आणि वरच्या फळीवरचा डाळीचा डबा काढायला गेले. डब्यामागे हाताला बाटली लागली. तोंडाला फडकं बांधलेली, गडद, चिठ्ठी नसलेली. त्यांनी फडकं सोडलं. वास आला.

त्या वासाला नाव नाही. भाजलेला, कडवट, थोडा मातीचा, थोडा लाकडाचा. नानांच्या कपड्यांना, अंथरुणाला, पुस्तकांच्या पानांना जन्मभर तोच वास होता, आणि गेल्या काही महिन्यांत तो कधी नाहीसा झाला ते त्यांना कळलंही नव्हतं.

"ते राहू द्या, नाना," सून म्हणाली. ती उठायला लागली होती, परत बसली. "मागच्या सालचं आहे. शेवटच्या घाण्याचं."

"कशाला ठेवलंय?"

तिने पोटावर हात ठेवला. "याला लागेल ना. अंगाला."

"तू ठेवलंस?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "ह्यांनी सांगितलं ठेवायला. म्हणाले, कोणाला देऊ नको. पाहुणे आले तरी काढू नको."

नानांनी फडकं परत बांधलं. गाठ नीट बसेना. तिने त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि स्वतः बांधली.

"नाना," ती म्हणाली, "सुईणबाईंना लोक बोलवत नाहीत म्हणे. मग आपल्या बाळाला कोण लावणार तेल?"

नाना बाहेर गेले.

मुलगा उखळातली पेंड पहारीने सुटी करत होता. इतके दिवस फिरून फिरून तिचं पीठ झालं होतं. ओली, आंबलेली, काळी. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. नाना समोर येऊन उभे राहिले.

"बसा. जुंपायचंय," मुलगा म्हणाला.

"स्वयंपाकघरात बाटली ठेवायला तू सांगितलंस?"

"कुठली?" म्हणता म्हणताच त्याला कळलं कुठली. त्याने पहार उखळाला टेकून ठेवली. "मग काय करू? त्या डब्यातलं लावू पोराच्या अंगाला?"

एवढं बोलून तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडलं, ते त्याने आत्ताच ऐकलं होतं.

गल्लीत शिंप्याचं मशीन खडखडत होतं. नाना आत गेले, पुस्तक घेऊन आले, कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. मुलाने ते वाचलं. कार्डावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उठला.

"हे कधी आलं?"

"बरेच दिवस झाले."

"मला दाखवलं का नाहीत?"

"दाखवलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मुलाचा कार्ड धरलेला हात आपोआप खिशाकडे गेला.

"मी पण तेच केलं," नाना म्हणाले. "तुझ्यावर कसा ओरडू? डबे तू आणलेस. पण फळीवर मी बसतोय. ह्या खोट्याला वजन माझं आहे."

"नाना, मी काय हौसेने केलं का? बैलाचा चारा, घरात बाळंतपण... लोकांना आवाज पाहिजे होता, मी आवाज दिला." तो पेंडीकडे बघायला लागला.

"तुझ्या आईला तू झालास ना, तेव्हा तुला ह्याच बाईने मांडीवर घेतलं होतं. सारखा रडायचास. ती म्हणायची, रडू दे, तेल आपल्या घाण्याचं आहे, हात माझा आहे, पोर लोखंड होईल. आज ती हात उलटासुलटा करून पोस्टमनला दाखवतेय."

मुलाने कार्ड परत दिलं. पुसून द्यावं म्हणून सदऱ्याला घासलं, तर डाग आणखी पसरला.

नानांनी बैलाची झापडं सोडली. बैलाला ते समजलं नाही. तो उघड्या डोळ्यांनी तसाच आपल्या वाटेवर दोन फेऱ्या फिरला. मग थांबला. उखळाशी येऊन त्याने तोंड आत घातलं. पेंड म्हटलं की बैलाला दुसरं काही सुचत नाही. पण त्याने फुर्र करून तोंड बाहेर काढलं, मान वळवली आणि तो लांब जाऊन उभा राहिला.

*

पाटी मुलानेच उतरवली. त्या जागी नानांनी खडूने लिहिलेली फळी लागली. 'यंदा तीळ नाही. घाणा बंद आहे. या हंगामात आमच्याकडून नेलेलं तेल गिरणीचं होतं, घाण्याचं नव्हतं. बाटली परत आणावी, पैसे न्यावेत.' 'दिलगीर आहोत' असं आधी लिहिलं होतं. ते फार सभ्य वाटलं म्हणून नानांनी हाताने पुसलं.

सकाळी घाण्याचा आवाज आला नाही, म्हणून गल्ली बघायला आली. माणसं फळी वाचायची, एकमेकांकडे बघायची, घरी जायची आणि बाटली घेऊन परत यायची. कोणी अर्धी, कोणी तळाला उरलेली. एका बाईने रिकामी आणली. तिलाही मुलाने नाही म्हटलं नाही. कोणी सुनावलं. "पुस्तकं वाचून हेच शिकलात का?" असं एकजण म्हणाला. नाना पायरीवर बसले होते. आत जाऊ नये असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते ठरवलेलं पाळणं त्यांना फार जड जात होतं. डोळे कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. हातात पुस्तक नव्हतं.

दिशाभूल म्हणजे काय विचारणारी बाई आली. दोन्ही बाटल्या तिने समोर ठेवल्या. म्हणाली, "आता कळलं." आणि गेली.

शेवटी शिंपी आला. तो काय बोलतो म्हणून नाना वाट बघत राहिले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याने बाटली ठेवली, पैसे मोजून न बघता खिशात टाकले, नवरदेव बैलाकडे एकदा पाहिलं आणि एक शब्द न बोलता रस्ता ओलांडून गेला. मशीन सुरू झालं. तेवढ्याने नानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मोबाइलवरचं चित्रीकरण मुलाने काढून टाकलं. तो मागच्या खोलीतले डबे परत गाडीवर चढवत होता. तेच डबे, पाठीवर तोच वळ. संध्याकाळी तो म्हणाला, "मी खडी फोडायच्या कामावर जाईन म्हणतो, पाऊस येईपर्यंत." नाना हो म्हणाले. सून आत काहीतरी निवडत होती. तिचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले.

सगळ्या गावाला कळलं होतं. सुईणबाई पलीकडच्या गावात राहायच्या. त्यांना फळी दिसणार नव्हती. तरीही आणखी दोन दिवस नाना कोरं कार्ड समोर घेऊन बसून राहिले. गल्लीतल्या लोकांपुढे मान खाली घालून बसणं एक, आणि ज्या बाईने नुसतं हो की नाही विचारलं होतं तिला इतक्या उशिरा उत्तर देणं दुसरं. एकदा वाटलं, पाकिटात घालून पाठवावं. पाकीट आणलंही. मग लक्षात आलं, की दोष तिच्या हाताला लोकांनी उघड्यावर लावला होता.

त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि कार्डावर लिहिलं.

"सुईणबाईंस नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, दोष तुमच्या हाताचा नाही. या हंगामातलं तेल आमच्या हातचं नव्हतं, गिरणीचं होतं, आणि आम्ही ते आमच्या हातचं म्हणून विकलं. पुरळ कशाने उठलं ते मला सांगता येत नाही. पण ज्या तेलावर तुम्ही विश्वास ठेवून हात घातलात, ते हे नव्हतं. हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं. ज्यांनी ज्यांनी तुम्हाला परत पाठवलं, त्या सगळ्यांना हे कार्ड दाखवा, म्हणून पाकिटात घातलं नाही. त्यांचं तेल परत घेऊ, औषधाला लागलं असेल ते देऊ. आमच्या घरी थोड्याच दिवसांत बाळ येईल. खरं तेल एक बाटलीभर उरलंय. त्या बाळाला तुमचाच हात लागावा अशी सुनेची आणि माझी इच्छा आहे. मुलगा गाडी घेऊन येईल. राग असेल तर नाही म्हणा. हो की नाही तेवढं कळवा."

जागा संपली. सही काठावर, उभी करावी लागली.

सकाळी ते पेटीपाशी जाऊन उभे राहिले. पोस्टमन पेटी उघडायला आला तेव्हा त्यांनी कार्ड पुढे केलं. पोस्टमनने ते घाईने उलटं धरलं, पत्त्याची बाजू वर.

"मी वाचत नाही हो कुणाचं," तो म्हणाला.

"वाच. वाचूनच ने. तिच्या एकटीच्या हातात देऊ नकोस. ओट्यावर बसवून, चार माणसं असतील तेव्हा मोठ्याने वाचून दाखव."

पोस्टमनने वाचलं. वाचताना त्याचे ओठ हलत होते. संपल्यावर त्याने काही विनोद केला नाही, सांत्वनही केलं नाही. कार्ड त्याने परत नानांच्या हातात दिलं.

"तुम्हीच टाका पेटीत," तो म्हणाला. "तुमच्या हातचं आहे. मी थांबतो."

नानांनी कार्ड फटीत सरकवलं. आत पडल्याचा आवाज आला की नाही, त्यांची खात्री होईना. पोस्टमन किल्ली घेऊन बाजूला उभा होता तरी त्यांनी फटीत बोटं घातली, तिथे कुठे अडकलं तर नाही ना म्हणून चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. कार्ड गेलं होतं.